नाव घातलेली भांडी

मला स्वयंपाक येत नव्हता, आणि ती माझी चूक नव्हती. माझ्या मायनं ते ठरवून केलं होतं. मुदखेडला रेल्वेच्या क्वार्टरमध्ये आम्ही राहायचो, दीड खोलीत. आबा गँगमन होते. सकाळी हातोडा आणि पाना घेऊन रुळांवर गेले की उन्हं उतरल्यावर परतायचे. मालगाडी गेली की फळीवरची भांडी एकमेकांना लागून किणकिणायची आणि माय भाकरी थापता थापता नुसत्या आवाजावरून सांगायची, 'भरलेली हाय' किंवा 'रिकामी चालली'. माझे दोघं धाकटे भाऊ दहा-बारा वर्षांचे झाले तसं तिनं त्यांना काठवटीसमोर बसवलं. ते भाकरी शिकले, वरण शिकले, मटणाचं वाटण किती बारीक लागतं तेही शिकले. मला मात्र ती चुलीजवळ फिरकू द्यायची नाही. उतू चाललेला चहा उतरवायला उठले तरी ओरडायची, 'तू बस गं तिथंच. पुस्तक काढ.' शेजारच्या बाया तोंडाला पदर लावून हसायच्या. एकीनं तर सरळच विचारलं, 'उद्या सासरी काय करंल ही?' माय म्हणाली, 'ते सासरचे बघतील. एकदा पोरीचा हात भाकरीला बसला की घरादाराची भाकरी तिच्याच गळ्यात पडती. माझ्या पडली. हिच्या पडू देत न्हाई.' त्यामुळे अठरा वर्षांची होईपर्यंत मला एवढंच ठाऊक होतं की भाकरी ताटात येते आणि ती गरम असताना खायची असते.

मग लातूरला डी.एड.ला नंबर लागला आणि मायच्या या हट्टानं मलाच तोंडघशी पाडलं. वसतिगृहाची यादी लागली, तीत माझं नाव नव्हतं. रोज खानावळीत जेवणं आम्हाला परवडणारं नव्हतं. प्रवेशाच्या रांगेत माझ्यापुढे उदगीरकडची मंगल उभी होती. शेतकऱ्याच्या घरातली, पाच भावांची एकुलती बहीण. तिच्या थोरल्या भावानं गावात एक खोली बघून ठेवली होती आणि त्यांना सोबतीला दुसरी मुलगी हवी होती. आबांनी सगळं ऐकून घेतलं आणि एकच अट घातली. 'खोलीवर रांधून खानार असलीस तर राहा. पाव खाऊन दिवस काढायचे आन् आजारी पडून शिकायचं, हे मला चालायचं न्हाई. तसं कळलं तर म्या न्यायला आलोच म्हण.' आबा फार बोलत नसत, पण बोललेलं मागेही घेत नसत. म्हणजे माझं डी.एड. पुस्तकांपेक्षा एका स्टोव्हवर आणि दोन पातेल्यांवर टांगलेलं होतं.

भांडी घ्यायला माय मला नांदेडला वजिराबादेत घेऊन गेली. तिनं पातेली हातात घेऊन तळ वाजवून बघितले, परातीचा काठ बोटानं फिरवून बघितला, दुकानदाराला तीन वेळा वरच्या फळीवर चढवलं. सगळं झाल्यावर दुकानाच्या पायरीवर बसलेल्या नाव टाकणाऱ्याकडे तिनं भांडी सरकवली. आमच्याकडे भांड्यावर नाव घालायची रीतच आहे. लग्नातली असोत की बारशातली, कुणाकडून कुणाला हे कोरल्याशिवाय भांडं घरात येत नाही. त्यानं छिन्नी उचलली आणि विचारलं, 'काय टाकू? कुणाकडून?'

'कुणाकडून न्हाई. पोरीचं हाय, पोरीचंच नाव टाका. कुमारी सुजाता सोनकांबळे. म्होरं डी.एड. लिवा.'

'झालं का डी.एड.?'

'सोमवारपासून सुरू हाय.'

'मग आत्ताच कसं लिवू, मावशी?'

'तुमी लिवा हो. ती करून घेती. आन् खाली जयभीम टाका, चांगलं ठसठशीत.'

बाजारातली माणसं थांबून बघत होती. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. दोन वाट्या आणि एक ताट एवढ्यांवर नाव पडलं तोवर आमच्या गाडीची वेळ झाली, आणि बाकीची भांडी कोरी राहिली म्हणून मी मनातल्या मनात सुटकेचा श्वास टाकला. तेव्हाची मी अशी होते. आज लिहिताना त्या पोरीच्या पाठीत एक धपाटा घालावासा वाटतो.

लातूरची खोली म्हणजे चौकातून आत गेल्यावर मधे अंगण, अंगणात एक नळ, आणि भोवती चार बिऱ्हाडं. मालकीणबाई विधवा होत्या, साठीच्या, दम्यानं वाकलेल्या. त्यांना सगळे काकू म्हणत. परसात त्यांची एक गाय होती आणि तिच्याशी त्या दिवसभर बोलायच्या. खोली मंगलच्या भावानं ठरवलेली. त्याचं आडनाव, त्याचं गाव, त्याचा फेटा बघून काकूंनी मान डोलावली होती. माझं नाव काय एवढंच त्यांनी विचारलं. सुजाता म्हटल्यावर 'छान हाय' म्हणाल्या. त्यापुढचं त्यांनी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. लपवायचं म्हणून गप्प राहिले असं नाही. विचारलं नाही म्हणून गप्प राहिले. या दोन्हीत फार अंतर नसतं हे मला पुढं कळलं.

परवा माझ्या नातीनं पुण्यात नोकरी लागल्यावर घर घेतलं भाड्यानं, आणि मला फोनवर स्वयंपाकघराची यादी पाठवली. त्या यादीत तेलाशिवाय तळायचं यंत्र होतं, सात प्रकारच्या सुऱ्या होत्या, अंडी उकडायचं वेगळं भांडं होतं. मी तिला एवढंच विचारलं, 'सांडशी कुठाय?' ती म्हणाली, 'आज्जी, ते काय असतं?' मी पोट धरून हसले, कारण आम्हीही नेमकी तीच विसरलो होतो. मायनं सगळं दिलं होतं, मिसळणाचा डबा, आमटीला लावायच्या येसराची पुरचुंडी, काळ्या मसाल्याची बरणी, पण सांडशी तिच्या हाताला इतकी सवयीची होती की ती वेगळी विकत घ्यावी लागते हेच तिला सुचलं नाही. पहिल्या दिवशी भाताचं उकळतं पातेलं स्टोव्हवर, आणि उतरवायचं कशानं? मंगलनं ओढणीचं टोक गुंडाळलं, पातेलं उचललं, ओढणीला जाळ लागला, तिनं पातेलं सोडलं. अर्धा भात जमिनीवर. उरलेला अर्धा आम्ही मीठ लावून खाल्ला आणि रडायच्या ऐवजी हसत सुटलो. मंगलला फक्त चहा यायचा, तोही तिच्या पाच वहिन्यांपैकी कुणीतरी दूध तापवून ठेवलं असेल तर.

खरं सांगायचं तर स्टोव्ह पेटवायला मला काकूंनीच शिकवलं. तो पितळी, पंपाचा स्टोव्ह होता. काकडा पेटवायचा, बर्नर तापू द्यायचा, मग हळूहळू हवा भरायची. आम्ही आधी हवा भरायचो आणि भपकन जाळ छताकडे जायचा. ते बघून काकू धापा टाकत आल्या. 'अगं, जळून मरता का काय! सरक.' त्यांनी पिन कशी घालायची दाखवलं, निळी ज्योत कशी ओळखायची दाखवलं. 'फर्र असा एकसारखा आवाज आला पायजे. मधी मधी खोकला लागला तर समज कचरा हाय,' असं म्हणून त्या स्वतःच खोकल्या. भाकरीचं पीठ उकळत्या पाण्यात मळ, म्हणजे तुटत नाही, हेही त्यांचंच. मी आठवडाभर ज्या भाकऱ्या केल्या त्यांना चारी दिशांना भेगा पडायच्या. मंगल एकेक तुकडा उचलून म्हणायची, 'हा औसा, हा निलंगा, हे अहमदपूर.' पण मी हटले नाही. मायनं अठरा वर्षं मला चुलीपासून लांब ठेवलं ते कुणा दुसऱ्याला रांधून घालू नये म्हणून. इथं मी माझ्यासाठी रांधत होते, आणि ती गोष्ट वेगळी आहे हे मला तव्यासमोर बसल्यावर समजलं. नवशिक्या बाईला काय काय लागतं याची मोठी यादी करू नका. एक जाड बुडाचं पातेलं, एक तवा, एक सांडशी आणि करपलेलं आपलंच आपण खायची तयारी, एवढं बास आहे.

पहिलं जमलं ते पिठलं. बेसन आधी गार पाण्यात कालवून घ्यायचं, फोडणीत लसूण तांबूस होऊ द्यायचा, आणि ओतताना हात थांबवायचा नाही. त्या दिवशी एक गुठळी झाली नाही. आदल्याच दिवशी काकूंनी शेंगदाण्याच्या चटणीची वाटी दिली होती, ती परत करायची होती. शेजारचं भांडं रिकामं परत करू नये, हे मायनं मला चुलीपासून लांब ठेवूनही शिकवलेलं. मी काकूंच्या वाटीत पिठलं भरलं आणि नेऊन दिलं. काकू तापानं पडल्या होत्या, तोंडाला चव नव्हती. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या स्वतः दारात आल्या, हातात तीच वाटी, तिच्यात गुळाचा खडा. 'पोरी, लई दिवसांनी दोन घास गोड लागले बघ. आज करणार आसलीस तर थोडं दे. मिरची जरा जास्त टाक.' मला आभाळ ठेंगणं झालं. तुम्ही आयुष्यात पहिल्यांदा काही रांधावं आणि कुणीतरी अजून मागायला यावं! मी त्या दिवशी मिरची जास्त घातली, आणि त्याच्या दुसऱ्या दिवशीही पाठवलं. त्या तिसऱ्या दिवशी घाईत हात फळीवर गेला, समोर दोन वाट्या, काकूंची परत आलेली आणि माझी, दिसायला एकसारख्या. मी माझी वाटी उचलली, तीत पिठलं वाढलं आणि देऊन आले.

दुसऱ्याच्या भांड्यावरचं नाव कुणी कधी वाचत नाही. नळावर चार बिऱ्हाडांची भांडी रोज एकत्र घासली जायची, पण कुणी कुणाचं ताट उलटून बघितलं नव्हतं. परकं भांडं चुकून आपल्या घरात आलं तरच माणूस ते उजेडाला धरतो.

संध्याकाळी काकू आल्या. वाटी पदराखाली होती. मंगल अभ्यास करत बसली होती, मी लसूण सोलत होते. काकूंनी दार लोटून घेतलं, वाटी जमिनीवर ठेवली आणि नावावर बोट टेकवलं.

'हे तुझंच नाव का गं?'

'हाव, काकू.'

'आधी सांगायचं न्हाई का?'

'तुमी इचारलं न्हाई.'

त्यांना राग आला नव्हता. तोच तर घोटाळा होता. राग आला असता तर मी तिथंच निपटलं असतं. त्या खालच्या आवाजात, समजुतीनं बोलत होत्या. 'मला काय न्हाई बघ. माजं काय, आज हाय उद्या न्हाई. पर लोक हायेत. नळावर चार बाया असतात. राहा तू, राहू नको म्हनत न्हाई मी. तेवढं नाव खरवडून टाक भांड्यावरचं. आन् कुनी इचारलं तर मंगलचंच आडनाव सांग. मावसबहीन हाय म्हन.' मग उठता उठता, दाराच्या कडीला हात लावून, अजून हळू आवाजात म्हणाल्या, 'आन् मी खाल्लं ते कुटं बोलू नगंस.'

त्या गेल्यावर मी मंगलकडे बघितलं. मला वाटलं ती चिडली असेल. ती म्हणाली, 'खरवड ना मग.' माझा विश्वास बसेना. ती म्हणत राहिली, 'अगं, चाचणी परीक्षा तोंडावर आलीय. दुसरी खोली कुठं मिळणार आत्ता? तुझे आबा न्यायला येतील, माझा भाऊ मला न्यायला येईल. वाटीवरच्या चार अक्षरांसाठी दोघींचं वर्ष घालवायचं का? झाकली मूठ सव्वा लाखाची.' दुसऱ्या दिवशी कॉलेजातून येताना तिनंच पॉलिश पेपर विकत आणला आणि माझ्या उशाशी ठेवला.

आणि मी खरवडायला बसले. हे मी कुणाला फारसं सांगत नाही, पण लिहायलाच बसले आहे तर खोटं कशाला लिहू. मी दाराकडे पाठ केली, ती वाटी मांडीवर घेतली आणि घासायला लागले. नाव दोन ओळींत होतं, वर माझं नाव आणि खाली डी.एड., जयभीम. मी शेवटाकडून सुरुवात केली. म कोरला होता खोल, पण पाच-दहा मिनिटांत पुसट झाला. मग भी. मग य, मग ज. स्टीलवर पांढरा चट्टा पडला आणि मला वाटलं, चला, एवढंच तर आहे. मग कागद सरकला आणि डी.एड.वर आला. तिथं माझा हात थांबला. डी.एड. करता यावं म्हणून मी डी.एड. खरवडत होते. मायनं अजून न झालेली पदवी बाजारात उभं राहून माझ्या वाटीवर लिहून घेतली होती, आणि मी ती दार लावून पुसत होते. मला माझी अशी काही शिसारी आली की मी कागद भिंतीवर फेकून मारला. मंगल दचकून म्हणाली, 'काय झालं?' मी म्हणाले, 'भांडी गोळा कर.'

'कुठली?'

'माझी, सगळी.'

पोत्यात भरून मी ती गंजगोलाईच्या बाजारात नेली. एकटीच गेले, मंगल आली नाही. नाव टाकणारा म्हातारा चष्मा दोऱ्यानं कानाला बांधून बसला होता. मी पोतं उलटं केलं. पातेली, झाकण्या, परात, पेले, पळी, उलथनं, मिसळणाचा डबा, नवी घेतलेली सांडशी. त्यानं विचारलं, 'लगीन हाय का, बाय?' मी म्हणाले, 'न्हाई, भांडण हाय.' त्यानं चष्म्यावरून बघितलं आणि छिन्नी उचलली. काय टाकायचं ते मी कागदावर लिहून दिलं, आणि जिथं पांढरा चट्टा होता तिथं पुन्हा, आधीपेक्षा मोठं. सांडशीवर जागा नव्हती तर तो म्हणाला, 'हिच्यावर कसं बसंल एवढं?' मी म्हणाले, 'दोन्ही पायांवर वाटून टाका.' दुपारभर त्याची छिन्नी टकटक करत होती आणि मी पायरीवर बसून एकेक भांडं मांडीवर घेत होते. मला आठवतं, मला भीती वाटत नव्हती. भूक लागली होती नुसती.

दुसऱ्या दिवशी सकाळी नळाला पाणी आलं तेव्हा मी ती सगळी भांडी घेऊन बाहेर पडले. घासायची दोनच होती, पण मी सगळी काढली. राख घेऊन एकेक घासली आणि नाव वर येईल अशी ओळीनं उपडी मांडली, उन्हात. पोस्टमनची बायको, जिला आम्ही वहिनी म्हणायचो, तिनं पहिल्यांदा वाचलं. तिनं एक वाचलं, दुसरं वाचलं, मग पूर्ण ओळ वाचत गेली. काकू गायीला पाणी दाखवायला बादली घेऊन आल्या होत्या. त्यांचा चेहरा उतरला. वहिनी म्हणाली, 'काकू, ह्या पोरीची वाटी तुमच्याकडं येत होती की. तुमी खाल्लं काय हो तिच्या हातचं?'

सगळ्या बाया थांबल्या. काकूंनी माझ्याकडे बघितलं नाही. बादली खाली ठेवून त्या म्हणाल्या, 'छे गं बाई! मी कशाला खाईन? मी गायीला घातलं.'

आता हे मी गिळलं असतं कदाचित. खोली जाऊ दे म्हटलं असतं. पण माझं पिठलं! ज्यात एक गुठळी नव्हती ते पिठलं! मी राखेचा हात कमरेवर ठेवला आणि म्हणाले, 'आस्सं होय, काकू? मग तुमच्या गायीचं नवल हाय. दुसऱ्या दिशी सकाळी ती वाटीत गूळ घालून माझ्या दारात आली आन् म्हनली, पोरी, लई गोड लागलं, आज मिरची जरा जास्त टाक.'

मग वहिनी फसकन हसली, तिच्या मागं दुसरी, आणि मग अंगणभर हसू पसरलं. काकूंना खोकल्याची उबळ आली. त्या धापा टाकत म्हणाल्या, 'खोली रिकामी कर. आजच्या आज.' मी म्हणाले, 'महिना भरंस्तोर माझा हाय. तोवर रोज रांधनार, आन् रोज इथंच घासनार.' आणि मी तसंच केलं. उरलेले दिवस मी एकदाही दार लावून स्वयंपाक केला नाही. फोडणी घातली की लसणाचा वास सरळ त्यांच्या ओसरीवर जायचा. जाऊ दे म्हटलं.

मला पुष्कळांनी नंतर सांगितलं की म्हाताऱ्या, आजारी बाईला चारचौघींत असं बोलायला नको होतं. तिनं स्टोव्ह शिकवला होता, ती मनानं वाईट नव्हती. नव्हतीच. आजही निळी ज्योत बघितली की मला काकू आठवतात. पण चांगल्या मनाच्या माणसांनी माझं नाव पुसायला सांगावं आणि मी त्यांच्या चांगुलपणाची लाज राखावी, हा हिशेब मला तेव्हा मान्य नव्हता आणि आता सत्तरीला टेकले तरी मान्य नाही.

मंगल दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी मी बांधाबांध करायला लागले, तिची भांडी एकीकडे, माझी एकीकडे. तिनं येऊन आपली दोन ताटं उचलली आणि माझ्या पोत्यात टाकली. मी म्हणाले, 'भावाला काय सांगशील?' ती म्हणाली, 'खरं सांगीन. तो ओरडंल, मग गप्प बसंल. पाच वहिन्यांत वाढलेय मी, ओरड्याचं काय!' मग माझ्याकडे न बघता म्हणाली, 'तो पॉलिश पेपर मी आणायला नको होता, सुजाता.' मी म्हणाले, 'पण घासलं मीच ना.' एवढ्यावर आम्ही तो विषय संपवला. दोघींच्याही डोळ्यांत पाणी होतं आणि दोघींनीही कांदा चिरायला घेतला.

मग खोल्या बघत हिंडणं सुरू झालं. मी पिशवीत माझं ताट घेऊन जायची. मालक दारात आला की नमस्कार करायच्या आधी ताट पुढं करायची. 'आधी हे वाचा. आमच्यात मटण, सुकट सगळं शिजतं. चालत असंल तर खोली दाखवा.' मंगल पहिल्या दोन घरी लाजून रस्त्याच्या पलीकडे उभी राहिली. तिसऱ्या घरापासून ती माझ्या बाजूला उभी राहायला लागली. कुणी खोली नुकतीच गेली म्हणालं. कुणी पाहुणे येणार आहेत म्हणालं. बहुतेक म्हणायचे, 'आम्हाला काही नाही हो, शेजाऱ्यांचं बघावं लागतं.' हा शेजारी मला आयुष्यभर सगळीकडे आडवा आला. नांदेडला बदली झाली तेव्हा आला, मुलासाठी फ्लॅट बघताना आला. पण मी त्याला प्रत्यक्ष कधी भेटले नाही. भेटला असता तर त्यालाही ताट दाखवलं असतं. महिना संपायला दोन दिवस उरले. आबांना मी काही कळवलं नव्हतं. रोज एक वाक्य नवं तयार व्हायचं, मालक असं म्हणाला तर मी असं म्हणेन, तसं म्हणाला तर तसं. जीभ पाजळून मी घरोघरी जात होते.

अकराव्या घरी एक म्हातारी जोंधळे पाखडत बसली होती. मी ताट पुढं केलं. 'आधी हे वाचा.' तिनं सूप बाजूला ठेवलं, ताट हातात घेतलं, उलटं-सुलटं केलं, बोटाच्या पेरानं टण्‌कन वाजवून बघितलं.

'जड हाय, चांगलं हाय. मला वाचाया येत न्हाई, माय. तूच वाच.'

आत्तापर्यंत मी ताट दाखवत होते. वाचून कुणाला दाखवलं नव्हतं. मी ताट परत घेतलं आणि वाचलं, सगळं, मोठ्यानं, रस्त्यावर ऐकू जाईल असं. 'कुमारी सुजाता सोनकांबळे, डी.एड. जयभीम.' माझा आवाज चढला होता. म्हातारी माझ्या तोंडाकडे बघत होती, अजून काही आहे का म्हणून.

'बरं. मग?'

'मग काय न्हाई. एवढंच हाय.'

'मला वाटलं म्होरं काय हाय.' तिनं सूप पुन्हा मांडीवर घेतलं. 'खोली मागच्या अंगाला हाय. पानी सकाळी सहाला येतंय. स्टो खिडकीखाली मांडा, म्हंजी भिताडं काळी व्हनार न्हाईत.'

तयार करून आणलेली सगळी वाक्यं माझ्या तोंडात तशीच राहिली. मला तिथंच, त्या जोंधळ्याच्या फोलपटात, मटकन बसावंसं वाटलं. मंगलनं दंडाला धरून मला मागच्या अंगाला नेलं.

स्टोव्ह आम्ही खिडकीखाली मांडला. त्या संध्याकाळी मी मायनं दिलेली सुकट पहिल्यांदा बाहेर काढली. काकूंच्या घरात ती डब्याच्या तळाशी, तीन पिशव्यांत गुंडाळून पडली होती. तव्यावर टाकली तसा वास खोलीभर झाला. मंगलनं नाकाला ओढणी लावली आणि उठून दार लावायला निघाली. मी म्हणाले, 'ऱ्हाऊ दे उघडं.' ती दारापर्यंत गेली होती. तिनं एक वीट आणली, दाराला टेकवली आणि परत येऊन ताटं मांडायला लागली.